हळू बोल, आत झोपलेत

"खरं की खोटं ते तुम्हीच ठरवा" असं म्हणून सुरुवात करायची इथे, भुताच्या गोष्टींच्या ग्रुपवर, पद्धत आहे. मी तसं म्हणणार नाही.

हे घडलं आहे. माझ्यासोबत घडलं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथूनच परत फिरावं, मला राग येणार नाही.

आणखी एक. यात रात्र नाही. अमावस्या नाही, स्मशान नाही, पांढरी साडी नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. पावणेदोन वाजता, बाहेर लख्ख ऊन असताना. या वर्षीचा मार्च महिना, शेवटचा आठवडा.

जागा भिलाई. स्टील प्लांटच्या वसाहतीतलं, सेक्टरमधलं एक क्वार्टर. नंबर मुद्दाम लिहीत नाही, कारण आजूबाजूला माणसं राहतात आणि मीही अजून तिथे जाते.

होय. अजून जाते.

माझं नाव दामिनी, वय अठ्ठावीस. दुर्गला मोहन नगरात आईबाबांसोबत राहते. आजोबा भंडाऱ्याकडची शेती सोडून प्लांटमध्ये लागले, मग बाबा लागले, आता धाकटा भाऊ ईशान. मी एकटीच वेगळी निघाले. मी आवाजाचं काम करते. जाहिराती, ऑडिओ गोष्टी, जे मिळेल ते. दवाखान्यात "टोकन नंबर सतरा" म्हणणारी बाई तुम्ही ऐकली असेल तर ती मी असू शकते.

आवाज चांगला आहे. सगळेच म्हणतात. पण त्यात एक खोट होती आणि ती मला माहीत होती.

मला ओरडता येत नव्हतं.

हसू नका. बाबांनी एकतीस वर्षं भट्टीवर काढली, त्यातली निम्मी नाईट शिफ्टला. सकाळी सातला यायचे, आंघोळ करून झोपायचे, आणि मग आमचं घर मुकं व्हायचं. कुकरची शिट्टी होण्याआधी आई गॅस बंद करायची. टीव्ही नुसता चित्रांपुरता. शाळेतून आलो की दारातच आईचं बोट ओठांवर.

"हळू बोल, आत झोपलेत."

तेव्हा आम्हीही क्वार्टरमध्ये राहायचो, आणि आमच्याच नाही, लाइनीतल्या प्रत्येक घरात हेच. एखादं पोर रडलं की चार खिडक्यांतून चार बाया त्याच्या आईकडे बघायच्या. बाबा रिटायर होऊन सहा वर्षं झाली. आई अजूनही दुपारी कुजबुजते.

तर अशा घरातली मी. स्टुडिओत माइकसमोर उभी राहिले की पहिला विचार हाच, कोणाला त्रास तर होत नाही ना. दुसरा विचार, माझ्या हिंदीत आमची भंडाऱ्याची मराठी तर ऐकू येत नाही ना. अशा दोन विचारांमध्ये आवाज बसला तर त्याचं काय होणार? शेजारीण, नर्स, गर्दीतली बाई. चार वर्षं मला हेच रोल मिळाले.

आणि मग रायपूरच्या एका स्टुडिओनं मला मुख्य काम दिलं.

बारा भागांची हिंदी ऑडिओ मालिका. नायिका दगडाच्या खाणीत काम करणारी बाई. पहिल्याच भागात वरून दरड सुटते. खाली तिचा नवरा आहे, त्याचं लक्ष नाही. ही काठावरून त्याला हाक मारते. सगळी मालिका त्या एका हाकेवर उभी होती.

मी ती हाक तीन वेळा पाठवली. तीन वेळा परत आली. तिसऱ्या वेळी डायरेक्टर कीर्ती मॅडमचा फोन आला. त्या रायपूरच्याच जुन्या मराठी घरातल्या.

"दामिनी, तू ओरडतेस खरी. पण कुणाची झोप मोडू नये अशा बेतानं ओरडतेस. खाली नवरा मरतोय गं तुझा."

"पुन्हा करते मॅडम."

"शुक्रवारी चारपर्यंत पाठव. नाही जमलं तर खुशबूला देते. ती तयार बसलीय. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट वाटलं. खूप वाटलं. बाथरूममध्ये जाऊन रडले, तेही नळ सोडून, म्हणजे आईला ऐकू जाऊ नये.

मोहन नगरात घर अगदी रस्त्यावर. दिवसभर ऑटो आणि ट्रॅक्टर. ईशानला मात्र नुकतंच क्वार्टर मिळालं होतं, अजून तो तिथे राहायला गेला नव्हता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण. तो जनरल शिफ्टला, सकाळी नऊला गेला की साडेपाचला येणार. मी चावी घेतली. बाहेरच्या खोलीत दोरीवर गोधड्या आणि रजया टांगल्या, मध्ये टेबल, लॅपटॉप, माइक. आतल्या खोलीत आधीच्या कोणाची तरी लोखंडी खाट पडलेली होती, बाकी काही नाही. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून तिचं दार ओढून मी बाहेरून कडी लावली.

सेक्टरमध्ये दुपारी एक ते तीन चिटपाखरू नसतं. नाईटवाले झोपलेले असतात. रेकॉर्डिंगला याहून चांगली वेळ नाही.

सोमवार. हेडफोन लावले. रेकॉर्डिंग चालू केलं. श्वास घेतला.

आणि ऐकू आलं...

घर्र... घर्र...

कोणीतरी घोरत होतं.

हेडफोन काढले. खोलीत शांतता.

पुन्हा लावले.

घर्र... घर्र...

समोर लॅपटॉपवर आवाजाची रेघ हळूहळू वर जात होती, खाली येत होती. म्हणजे माइकला ते ऐकू येत होतं. मला, माझ्या उघड्या कानांना, नव्हतं येत. वाटलं ईशान दांडी मारून आत झोपलाय. पण कडी तर बाहेरून होती. मी त्याला फोन केला.

"ईशान, तू क्वार्टरवर आहेस काय?"

"अरे ताई, ड्युटीवर आहो मी. कावून?"

"आतल्या खोलीत कोनी झोपून राहिलं काय?"

"कोन झोपन? चाबी तं तुह्यापाशी आहे."

मी कडी काढली. दार ढकललं.

खाट... रिकामी. तिच्या पट्ट्यांवर धूळ होती, बोट न लागलेली.

आता खरं सांगते, आणि हे सांगायला लाज वाटते. त्या क्षणी माझ्या मनात भूत आलं नाही. माझ्या मनात आलं, हळू. कोणीतरी झोपलंय. मी पाय न वाजवता मागे सरले आणि दार इतक्या अलगद लावलं की कडीचाही आवाज झाला नाही. मग चार टेक घेतले. चारही कुजबुजत.

घरी जाताना स्कूटीवर मला माझाच राग आला. ज्याचा पत्ता नाही त्याची झोप मी सांभाळत होते!

मंगळवारी गेले ते ठरवून गेले. आज काही झालं तरी गळा मोकळा सोडायचा. हेडफोन लावले. घोरणं होतंच. असू दे, म्हटलं. मोबाईलवर पावणेदोन. तोंड उघडलं...

टक्... टक्... टक्...

धातूचा आवाज. स्वयंपाकघराच्या भिंतीकडून.

थांबला.

टक्... टक्... टक्...

हळू ठोकत होतं कोणी. पण घाईत. ज्याला जोरानं ठोकायचं आहे आणि ठोकता येत नाही, तसं.

आणि मग, अगदी कानाशी...

"श्श..."

बाईचा आवाज. चिडलेला.

माझा गळा मिटला. घाबरल्यावर मिटतो तसा नाही. लहानपणी आईनं बोट ओठांवर ठेवलं की मिटायचा तसा. पाणी प्यायले, खाकरले, पण हवेशिवाय काही निघेना. बाहेर अंगणात येऊन उभी राहिले तेव्हा कुठे आवाज परत आला.

ती भिंत शेजारच्या क्वार्टरची. तिथे रुक्मा काकू राहतात. सत्तरीच्या, मुलगा प्लांटमध्ये. बुधवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन सरळ त्यांच्याकडे गेले. ठोकणं त्यांचं असेल, श्श पण त्यांचंच असेल, अशी माझी पक्की समजूत होती आणि मी भांडायच्या तयारीत होते. काकू अंगणात चिंच फोडत बसल्या होत्या.

"काकू, दुपारी तुमी भितीवर काही ठोकता काय? माह्या रेकॉर्डिंगमंदी येते."

"मी? मी कायले ठोकन बाई?" त्या हसल्या. "कोनत्या टायमाले येते?"

"पावनेदोनले."

"किती डाव?"

"तीन डाव. मंग थांबून अजून तीन डाव."

चिंच फोडणारा हात थांबला.

मी त्यांच्या कानाला हेडफोन लावले. घोरणं ऐकताना त्या नुसत्या समोर बघत राहिल्या. ठोकणं आलं तसे त्यांनी डोळे मिटले. आणि श्श आलं तेव्हा त्यांनी हेडफोन ओढून काढले. चिंचेचे हात केसांना लागले.

"कोन आहे काकू ही?"

काकूंनी चिंच बाजूला सारली.

"मी आहो," त्या म्हणाल्या.

"तुमी? काल ठोकत..."

"आताची नाई. तवाची."

मार्चच्या उन्हात बसले होते मी. तरी ओढणी अंगाभोवती ओढून घेतली.

"तुह्या भावाच्या क्वार्टरात पयले सिंधुताई राहे," काकू सांगू लागल्या, आणि सांगतानाही त्यांचा आवाज आपोआप खाली गेला. "भाऊराव तिचे मालक. ते बी नाईटले, आमचे बी नाईटले. दोघीइले दिवसा मोठ्यानं बोलता येत नोतं. मंग आमी भितीवर वाटी ठोको. एकदा ठोकलं का चहापत्ती पाह्यजे. दोनदा ठोकलं का मांगच्या अंगनात ये. तीनदाचं आमचं काही ठरलंच नोतं."

"अन् मंग?"

"त्या दिवशी तिनं तीनदा ठोकलं. थांबली. अजून तीनदा. आमचे कुशीवर वळले. मले राग आला. म्हनलं या बाईले समजत नाई काय, मानूस रातभर भट्टीपाशी उभा होता. मी भितीले तोंड लावलं अन् म्हनलं..."

त्यांनी ते म्हणून दाखवलं नाही.

"मंग तिनं नाई ठोकलं," काकू म्हणाल्या.

चार वाजता भाऊराव चहासाठी उठले. सिंधुताई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेली होती. हातात वाटी. तोंडात स्वतःचाच पदर, आतपर्यंत कोंबलेला.

"कन्हन्याचा आवाज जाऊ नाई म्हनून," काकू म्हणाल्या. "डाक्टर म्हने हार्टचं होतं. धा पावलांवर तिचा मालक झोपला होता पोरी. एक हाक मारली असती तं उठला असता तो. वाईट नोता भाऊराव. सगळ्याइले इचारत फिरे, मले उठवलं कावून नाई, मले उठवलं कावून नाई. गावाकडं गेला, तिथंच सरला. अन् मी हे कोनालेच सांगतलं नाई. तीस साल झाले. आज तुले सांगतो."

मला वाटलं मी रडेन. पण मला राग आला. काकूंचा नाही. भाऊरावांचाही नाही, त्या माणसाला तर कोणी हाकच मारली नव्हती. राग त्या दुपारचा आला. आमच्या सगळ्या दुपारींचा आला. मरतानाही जिला कोणाची झोप मोडायची भीती वाटली, ती बाई काही माझी कोणी नव्हती. तरी मी तिला ओळखत होते. माझी आई अशीच मरेल. मीही अशीच मरेन, पदर नाही म्हणून ओढणी कोंबून.

गुरुवारी घरी हे सांगितलं. आई म्हणाली, "नको जाऊ तिकडं. गेलं काम तं गेलं." ईशान म्हणाला रविवारी भटजी बोलावतो, पूजा घालतो, तोवर तू दुसरीकडे बघ.

"रविवारपर्यंत खुशबू माझा रोल करून मोकळी होईल," मी म्हटलं.

"ताई, जिद्द कायले करतं? तुले भेव नाई लागत?"

"लागते. खूप लागते."

 दुसऱ्या दिवशी मी निघताना बाबांनी विचारलं, "तुही आई मले कधी उठवत नोती काय, तिले बरं नसल्यावर?"

मी म्हटलं, "नाही बाबा. कधीच नाही."

ते बराच वेळ आईकडे बघत राहिले.

शुक्रवार. एक वाजता क्वार्टरवर पोचले. आतल्या खोलीला कडी लावून मी दोनदा ओढून पाहिली. गोधड्या नीट केल्या.  दीड वाजता मॅडमचा मेसेज आला, वाट बघतेय. मी हेडफोन लावले.

घर्र... घर्र...

आज जवळून. आज जणू तो आतल्या खोलीत नव्हताच, टेबलापलीकडे रजईच्या मागे होता.

मी नजर कागदावर ठेवली. श्वास घेतला. तोंड उघडलं...

"श्श..."

आवाज गेला. नुसती हवा.

पुन्हा.

"श्श..."

पुन्हा हवा.

तिसऱ्यांदा तर मी तोंड उघडायच्या आतच आलं. आणि त्यामागून...

टक्... टक्... टक्...

घड्याळ बघायची गरज नव्हती.

टक्... टक्... टक्...

ती तिथे बसली होती. भिंतीपाशी, दहा पावलांवर. मी तिच्याकडे पाठ करून कागदावरची खोटी हाक खऱ्यासारखी कशी मारायची याची काळजी करत होते.

मी हेडफोन काढून टेबलावर फेकले.

गोधड्या ओढून खाली टाकल्या. एकेक. पुढचं दार उघडलं. मागचं उघडलं. आतल्या खोलीची कडी काढली आणि दार भिंतीवर आपटलं. मुद्दाम आपटलं. रेकॉर्डिंग चालूच होतं, ते बंद करायचं सुचलं नाही. समोरच्या क्वार्टरचे पडदे ओढलेले होते, तिथले नाईट करून झोपले होते. त्यांची झोप मोडणार हे मला ठाऊक होतं. लोक काय म्हणतील तेही ठाऊक होतं. बाबांचं नाव घेऊन, देवीदासची पोरगी वेडी झाली म्हणतील. म्हणू देत!

मी खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि आतल्या खाटेकडे तोंड करून ओरडले.

"उठा! उठा जी! तिले कळ येऊन राहिली, उठा!"

कागदावरची हिंदी नव्हती ती. स्टुडिओत चार वर्षं गिळून ठेवलेली आमची मराठी होती. गळा फाटला असं वाटलं. फाटला तर फाटला. मी पुन्हा ओरडले. पुन्हा. भांड्यांच्या फळीवरचं ताट वाजलं.

टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून घोरणं बारीक बारीक ऐकू येत होतं.

ते थांबलं.

आणि आतल्या खोलीत...

कर्र...

खाट वाजली. हेडफोनशिवाय. माझ्या उघड्या कानांना ऐकू आली. वजन उतरल्यावर लोखंडी खाट वाजते तशी.

मग झोपेनं जड झालेला पुरुषाचा आवाज.

"काय झालं?... काय झालं वो?"

त्यानंतरचं मला आठवत नाही.

जे आठवतं ते असं. मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले आहे, हात छातीवर आहे. मग मी उठले. टेबलाशी गेले. कागद उचलला आणि मालिकेतली हाक मारली. एकाच टेकमध्ये. घाबरायला माझ्यात काही शिल्लकच राहिलं नव्हतं.

दारात समोरचे गृहस्थ उभे होते. बनियन, डोळे सुजलेले.

"क्या हुआ मैडम? कौन चिल्ला रहा है?"

"मैं चिल्ला रही हूँ," मी म्हटलं. "मेरा काम है."

ते परत गेले. मी काही कापलं नाही, साफ केलं नाही, होती तशी फाइल पाठवून दिली. नेट रांगत होतं, फाइल पूर्ण गेली तेव्हा चारला वीस कमी होते.

सव्वाचारला मॅडमचा फोन.

"हीच! दामिनी, हीच हाक. कुठे होती इतके दिवस?"

मी फरशीवर बसून घेतलं. "थँक यू मॅडम."

"आणि त्याच्या आधीचं ते काय केलंस? ते मराठीतलं? माझ्या अंगावर शहारा आला. ते मी वापरणार आहे."

"मी उठा उठा ओरडले ते?"

"नाही गं. त्याच्यानंतरचं."

फोन ठेवून मी फाइल ऐकली. माझं ओरडणं आहे. नंतर अकरा सेकंद काहीच नाही. घोरणं नाही, खाट नाही, पुरुषाचा तो प्रश्नही नाही. आणि मग माझा आवाज. गळा माझाच. पण म्हातारा नाही, तरुण नाही, थकलेला.

"छातीत कळ येऊन राहिली जी. बाराच्या ठोक्यापासून येऊन राहिली. तुमची झोप मोडन म्हनून..."

इतकंच.

हे कागदावर नव्हतं. हे मला काकूंनी सांगितलं नव्हतं. बारा वाजल्यापासून ती तशी होती हे कोणालाच माहीत नव्हतं. मी काकूंना ऐकवलं. त्यांनी या वेळी हेडफोन ओढून काढले नाहीत. शेवटपर्यंत ऐकलं.

"बोलनं सिंधुताईचं आहे," त्या म्हणाल्या. "गळा तुहा आहे."

मी मॅडमना परत फोन केला.

"मॅडम, ते मधलं वापरायचं नाही. कापून टाका."

"का? इतकं चांगलं झालंय."

"ते मालिकेसाठी बोललेलं नाही."

"दामिनी, पहिलंच मोठं काम आहे तुझं. डायरेक्टर मी आहे."

"रोल द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. खुशबूला द्या हवा तर. पण ते कापा!"

मी ओरडत होते. डायरेक्टरवर. 

"कापते," मॅडम म्हणाल्या. "आणि असाच आवाज ठेव आता. दुसरा भाग बुधवारी पाठव."

तर रोल माझा झाला. मालिका अर्ध्याच्या वर गेली आहे, रेकॉर्डिंग अजून तिथेच करते. ईशाननं पूजा घातली नाही, मीच घालू दिली नाही. ज्या घरात एक बाई अखेर बोलली, तिथे मंत्र म्हणून तिला पुन्हा गप्प करायचं, हे मला पटेना. ठोकणं पुन्हा आलं नाही. श्श आलं नाही. घोरणंही नाही. आता त्या खोलीत कोणी झोपत नाही एवढं नक्की.

पण एक गोष्ट मागे राहिली आहे, आणि ती मला आवडत नाही.

कळ येते.

माझ्या छातीत, डाव्या बाजूला, कधीतरी पावणेदोनच्या सुमाराला. ईसीजी दोनदा काढला. डॉक्टर म्हणाले काही नाही, टेन्शन घेऊ नका. मग ही कळ कोणाची आहे? माझी की तिची? त्या अकरा सेकंदांत मी काय आत घेतलं ते मला समजलेलं नाही. समजेल असं वाटतही नाही.

गेल्या मंगळवारी सातव्या भागाचं रेकॉर्डिंग होतं. साधा प्रसंग, भांडणाचा. वाचता वाचता कळ आली. नेहमीपेक्षा मोठी. हात बधिर झाला. कागद सुटला.

सगळ्या लाइनीत नाईटवाले झोपलेले. पडदे ओढलेले. पूर्वीची मी असते तर ओठ घट्ट मिटून बसले असते, जाईल म्हणून.

मी ओरडले. सगळा जीव एकवटून ओरडले.

"कोनी आहे काय! मले दुखून राहिलं! या!"

रुक्मा काकू अनवाणी धावत आल्या. समोरचे गृहस्थ आले, त्यांची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. काकूंनी माझं डोकं मांडीवर घेतलं. पाच मिनिटांत कळ गेली. झोप मोडली म्हणून एक शब्द कोणी बोललं नाही.

पण मी पडल्या पडल्या सगळं ऐकलं होतं. माझ्या हाकेसरशी दारं उघडली ती मी मोजली.

काकूंचं. समोरच्यांचं.

आणि त्या दोन्हींच्या आधी... आतल्या खोलीचं. त्याची कडी मी स्वतः बाहेरून लावली होती.